पडद्यावरच्या ठिणग्या
(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिकांकासाठी काहीतरी लिहा, असे मराठीच्या सरांनी वर्गात सांगितले तेव्हा मनात आलेले पहिले विषय नेहमीचेच होते. ‘आजचा तरुण कोठे चालला आहे?’ किंवा ‘निसर्ग माझा सखा’. या विषयांवर मागच्या अंकांत पुष्कळ लिहून झाले आहे; आणि आजचा तरुण कोठे चालला आहे हे मी स्वतः तरुण असूनही मला नीटसे ठाऊक नाही. म्हणून गेले काही महिने जी गोष्ट डोक्यात ठाण मांडून बसली आहे, तिच्याविषयीच लिहावे असे ठरवले. विषय ऐकून काहींना हसू येईल. अमेरिकेतील वाहिन्यांवर ‘रिॲलिटी शो’ म्हणून जो प्रकार दाखवला जातो, त्यात बंदुका घडवणाऱ्या कारागिरांचे आणि बंदुकांच्या शौकिनांचे चित्र कसे रंगवले जाते, हा तो विषय. कोल्हापुरातल्या कला शाखेच्या विद्यार्थ्याचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो माझ्या वडिलांच्या लेथवरून येतो.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील, म्हणजे आमचे आण्णा, उद्यमनगरातील एका वर्कशॉपमध्ये सव्वीस वर्षे टर्नर आहेत. एका रविवारी मी मोबाईलवर ‘सन्स ऑफ गन्स’ या अमेरिकन मालिकेचे जुने तुकडे पाहत बसलो होतो. आण्णांना इंग्रजी येत नाही. पण पडद्यावर लेथ दिसताच त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि ते माझ्या खांद्यावरून वाकून पाहू लागले. चक फिरला, टूल नळीला लागले, लोखंडाची सालपटे उडाली, पाठीमागचे संगीत चढले; आणि दुसऱ्याच क्षणी बंदूक तयार होऊन मैदानावर धडाडू लागली.

आण्णा म्हणाले, “अरं, पन ह्यानं जॉब मोजला कवा?”

मी हसलो. म्हटले, “आण्णा, ते एडिटिंगमध्ये कापलं असेल.”

“मग कामच कापलं की,” असे म्हणून त्यांनी बशी पुन्हा उचलली.

त्यांच्या या शेऱ्यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. जे कापले जाते त्यातच खरी गोष्ट असते काय, असा तो प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधण्याचा हा माझा अल्पसा प्रयत्न.

प्रथम या मालिकांची थोडी ओळख करून देतो. ‘सन्स ऑफ गन्स’ ही मालिका डिस्कव्हरी वाहिनीवर २०११ ते २०१४ या काळात चालली. लुइझियाना राज्यातील बॅटन रूज या शहरातील एक शस्त्रांचे वर्कशॉप, त्याचा मालक, त्याची मुलगी आणि कामगार ही तिची पात्रे. त्याच वाहिनीवर २०११ आणि २०१२ मध्ये ‘अमेरिकन गन्स’ ही मालिका दाखवली गेली. कोलोरॅडो राज्यात डेन्व्हर शहराजवळ व्हीट रिज नावाचे गाव आहे. तेथील बंदुकांच्या दुकानाचा आणि ते चालवणाऱ्या कुटुंबाचा हा कार्यक्रम. तिसरी ‘टॉप शॉट’. हिस्टरी वाहिनीवर २०१० ते २०१३ पर्यंत चाललेली ती नेमबाजीची स्पर्धा होती. निरनिराळ्या काळांतील शस्त्रे स्पर्धकांच्या हाती द्यायची, अवघड लक्ष्ये ठेवायची आणि एकेकाला बाद करीत शेवटी एकाला विजेता ठरवायचे, असे तिचे स्वरूप.

पहिल्या दोन मालिकांचा साचा एकदा लक्षात आला की पुढचा भाग न पाहताही सांगता येतो. एक गिऱ्हाईक येते. त्याची मागणी चमत्कारिक असते. मालक म्हणतो, होऊन जाईल. मुदत थोडी असते. मध्यंतरी दोन कामगारांत किंवा बापलेकीत खटका उडतो. मग लेथ, मिलिंग मशीन, वेल्डिंग आणि ठिणग्या यांची मिनिटभर भाऊगर्दी होते. शेवटी सगळे जण मैदानावर जाऊन काहीतरी उडवतात, आरोळ्या ठोकतात आणि एकमेकांच्या पाठी थोपटतात. हाच साचा मोटारसायकली बनवणाऱ्यांच्या ‘अमेरिकन चॉपर’ मध्ये २००३ पासून होता, आणि गहाणवटीच्या दुकानावरील ‘पॉन स्टार्स’ मध्ये २००९ पासून घासाघिशीच्या रूपाने आला. मोटारसायकल काढून त्या जागी बंदूक ठेवली, एवढाच काय तो फरक. पण मोटारसायकल आणि बंदूक या एकमेकींच्या जागी ठेवण्याजोग्या वस्तू आहेत काय? माझा पहिला आक्षेप येथेच आहे.

बंदुकीच्या कारागिराचे खरे काम कसे असते? नव्या चमत्कारिक बंदुका बनवणे हा त्यातला अगदी लहान भाग. रोजचे काम म्हणजे झिजलेली स्प्रिंग बदलणे, तडकलेला लाकडी दस्ता सांधणे, घोड्याचा ताण नेमका करणे, नळीच्या तोंडाची कड सारखी करणे, गंज काढून पोलादावर निळसर काळा थर चढवणे. नळीच्या आत मळसूत्री खाचा असतात. त्यांच्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि सरळ जाते. या खाचांत किंवा नळीच्या तोंडाशी केसभर चूक झाली तरी नेम चुकतो.

याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. काडतूस नळीच्या मागच्या घरात बसते आणि त्याच्या पाठीशी बोल्ट बंद होतो. त्या दोहोंमध्ये जी जागा राहते तिला फार महत्त्व असते. जागा कमी पडली तर बोल्ट बंद होत नाही. जास्त झाली तर बार होताना काडतुसाचे पितळी कवच ताणते आणि फाटू शकते; मग पेटलेला वायू बंदूक धरणाऱ्याच्या तोंडाकडे येतो. म्हणून कारागीर काडतुसाच्या आकाराची दोन गेजे वापरतो. एकाचे नाव ‘गो’. त्यावर बोल्ट बंद झालाच पाहिजे. दुसऱ्याचे नाव ‘नो-गो’. त्यावर बोल्ट बंद होता कामा नये. झाला तर बंदूक कितीही देखणी दिसो, ती गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची नाही.

हे वाचून मी आण्णांना सांगितले तेव्हा ते उठले आणि कामाच्या पिशवीतून एक गेज काढून आणले. दोन्ही टोकांना दोन दांडे असलेले ते साधे गेज. छिद्र पाडले की एक टोक आत गेले पाहिजे, दुसरे जाता कामा नये. “हे ‘गो’चं टोक कुनीबी घालतंय,” आण्णा म्हणाले. “कारागीर वळखायचा तो ‘नो-गो’वरनं. नवा पोरगा असला की दाबून घालतो आनि म्हनतो, बसलं.” कोल्हापूरचा टर्नर आणि लुइझियानाचा बंदूकवाला यांना एकमेकांची भाषा येत नाही. पण ही दोन टोके मात्र दोघांनाही कळतात.

मी पाहिलेल्या भागांत मोजमाप करताना कारागीर फार क्वचित दिसला, आणि ‘हे जमणार नाही’ म्हणून काम परत करणारा तर दिसलाच नाही. टीव्हीला ‘गो’ तेवढे ठाऊक आहे. मागणी आली की होकार, मुदत आली की वस्तू तयार, घोडा ओढला की स्फोट.

हे असेच दाखवावे लागते, कॅमेऱ्यापुढे मोजमाप रटाळ होते, असे कोणी म्हणेल. तसे नाही. १९६९ साली अमेरिकेतच ‘गनस्मिथ ऑफ विल्यम्सबर्ग’ नावाचा माहितीपट निघाला. व्हर्जिनिया राज्यातील विल्यम्सबर्ग येथे अठराव्या शतकातील गाव जतन केले आहे. तेथील वॉलेस गस्लर हा कारागीर त्या काळच्या हत्यारांनी एक रायफल आरंभापासून शेवटपर्यंत बनवतो, एवढेच त्यात आहे. लोखंडाची पट्टी भट्टीत तापवून, घणाने ठोकून तिची नळी होते. मग ती आतून कोरली जाते, हाताने खाचा पाडल्या जातात, पितळेचे भाग ओतले जातात, लाकडाचा दस्ता तासला जातो. जवळजवळ तासभर हे चालते. त्यात भांडण नाही, मुदत नाही, आरोळ्या नाहीत. आण्णांनी ती फिल्म पुरी पाहिली. त्यांचा चहा निवून गेला. म्हणजे पाहणारा असतो. दाखवणाऱ्याने त्याला कमी लेखलेले असते.

मालिकांत दुसरी कापली जाणारी गोष्ट म्हणजे कागद. अमेरिकेत बंदुका कोणीही कशाही बनवतो आणि विकतो अशी आपली समजूत असते, आणि ती बहुधा अशाच कार्यक्रमांवरून झालेली असते. वास्तविक १९६८ च्या संघीय कायद्याप्रमाणे बंदुकांचा व्यवसाय करणाऱ्याला, तसेच दुरुस्ती करणाऱ्या कारागिरालाही परवाना लागतो. दुरुस्तीला आलेली बंदूक दुकानात मुक्कामाला राहिली तर तिची नोंद वहीत करावी लागते. दुकानातून विकत घेणाऱ्याला फॉर्म भरावा लागतो आणि त्याची पूर्वपीठिका तपासली जाते. मशीनगनवर १९३४ पासून नोंदणी आणि कर आहे. १९८६ नंतर बनलेली मशीनगन सामान्य नागरिकाला विकत घेता येत नाही. मालिकेत मात्र मशीनगन धडधडत असते, आणि ती कोणासाठी, कोणत्या परवान्यावर, हे पाहणाऱ्याला बहुतेक वेळा कळत नाही. हे कायदे पुरेसे आहेत असे मला म्हणायचे नाही. ते अपुरे आहेत असे त्या देशातीलच लाखो लोक म्हणतात. पण कायदा अपुरा आहे असे म्हणायलाही तो आहे हे आधी माहीत असावे लागते.

या कापलेल्या कागदाने पुढे चांगलाच सूड उगवला. ‘अमेरिकन गन्स’ मधील दुकानाच्या मालकाला २०१७ साली संघीय न्यायालयात ज्युरीने परवान्याविना बंदुकांचा धंदा आणि कर यांसंबंधीच्या आरोपांवर दोषी ठरवले. पडद्यावर दुकान होते, गल्ला होता, हसरे कुटुंब होते. खटला चालला तो मात्र पडद्यावर न दिसणाऱ्या कागदांवर. ‘सन्स ऑफ गन्स’ चा शेवट याहून भयंकर आहे. तिच्या प्रमुख पात्राला २०१४ मध्ये लैंगिक अत्याचाराच्या आरोपाखाली अटक झाली, मालिका तेथेच बंद पडली आणि २०१७ मध्ये न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. एका माणसाच्या पापावरून सबंध कारागीरवर्गाला नावे ठेवणे अन्यायाचे होईल, आणि तसे मी करणार नाही. पण ज्याला ‘खरे’ म्हणून घरोघर दाखवले, त्यातले खरे किती होते, हा प्रश्न वाहिनीला विचारायलाच हवा.

आता शौकिनांकडे वळू. ‘बंदुकीचा शौकीन’ म्हटले की या मालिकांत एक ठरावीक माणूस येतो. मोठ्याने हसणारा, मोठ्याने बोलणारा, मोठा आवाज करणारे काहीतरी मागणारा. प्रत्यक्षात अमेरिकेत दहांपैकी सुमारे तीन प्रौढांकडे स्वतःची बंदूक आहे, असे प्यू संशोधन केंद्राच्या २०२३ च्या पाहणीत दिसते. एवढ्या माणसांचा एकच स्वभाव कसा असेल? त्याच पाहणीत बंदूक बाळगणाऱ्यांपैकी ७२ टक्के लोकांनी स्वसंरक्षण हे मोठे कारण सांगितले. शिकार आणि नेमबाजी ही कारणे सांगणारे एकेक तृतीयांशाच्या आसपास होते. म्हणजे बहुतेकांच्या बंदुकीच्या मागे मौज नसून भीती आहे. भीती हा विषय दाखवायला अवघड, म्हणून टीव्ही मौज दाखवतो.

यात ‘टॉप शॉट’ काहीशी वेगळी होती, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तिच्या २०१२ मधील चौथ्या पर्वाचा विजेता ख्रिस चेंग हा संगणक कंपनीत नोकरी करणारा, स्वतःच नेमबाजी शिकलेला हौशी माणूस होता. सैनिक, पोलीस आणि व्यावसायिक नेमबाज अशा स्पर्धकांत तो पहिला आला आणि एक लाख डॉलरचे बक्षीस मिळवले. टीव्हीच्या ठरावीक शौकिनात तो कोठेच बसत नाही. स्पर्धेत नियम असतात, मोजणी असते, चुकलेला नेम चुकलेलाच दिसतो. म्हणून तेथे माणूसही थोडा खरा दिसला असावा. स्पर्धकांच्या घरातली भांडणे तेथेही होतीच, पण गोळी लागली की नाही हे भांडणावर ठरत नव्हते.

आम्हा कोल्हापूरकरांना हे समजायला अमेरिकेत जावे लागत नाही. आपल्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकमध्ये पन्नास मीटर रायफल प्रोन प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी करीत असताना १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलच्या तीन अवस्थांच्या प्रकारात कांस्यपदक जिंकला. त्या दिवशी आम्ही वसतिगृहावर राहणाऱ्या मित्रांच्या खोलीत दाटीवाटीने ते पाहिले. पन्नास मीटरवरच्या त्या लक्ष्यातील दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते, म्हणजे अंगठ्याच्या नखापेक्षाही लहान. गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून ते वेधायचे. पाहण्यासारखे त्यात काय होते? एक माणूस स्तब्ध उभा होता. श्वास घेत होता, थांबत होता, बंदूक खाली ठेवत होता आणि पुन्हा उचलत होता. तरी आमच्यापैकी कोणी जागचे हलले नाही. नेम धरूनही मनाजोगते जमले नाही तर घोडा न ओढता बंदूक खाली ठेवणे, हेही ‘नो-गो’च नव्हे काय?

आता मूळ दुखण्याकडे येतो. १४ डिसेंबर २०१२ रोजी कनेक्टिकट राज्यातील न्यूटाउन येथील सँडी हुक प्राथमिक शाळेत एका तरुणाने २० लहान मुले आणि शाळेतील ६ मोठी माणसे गोळ्या घालून मारली. त्यानंतर काही दिवसांतच डिस्कव्हरी वाहिनीने ‘अमेरिकन गन्स’ पुढे चालवणार नसल्याचे जाहीर केले. पुष्कळांनी या निर्णयाचे स्वागत केले. मला मात्र त्यात एक कोडे दिसते. मालिका चुकीची होती तर ती १३ डिसेंबरलाही चुकीचीच होती. चुकीची नव्हती तर १४ तारखेनंतर ती का बंद झाली? आणि बंदुकांचा खेळ करणे अनुचित वाटले असेल, तर त्याच वाहिनीची ‘सन्स ऑफ गन्स’ पुढे २०१४ पर्यंत कशी चालली? याचे उत्तर एकच संभवते. वाहिनीने बंदुकीचा विचार आधीही केला नव्हता आणि नंतरही केला नाही. तिने केला तो प्रेक्षकांच्या तोंडाकडे पाहण्याचा विचार.

बंदुकीचा विचार करायचा तर तो कोठे करावा लागतो? अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या नोंदींप्रमाणे २०२१ या एका वर्षात त्या देशात ४८,८३० माणसे बंदुकीने मेली. त्यांपैकी २६,३२८ आत्महत्या होत्या. म्हणजे निम्म्याहून अधिक. हे मरण मैदानावर होत नाही. तेथे संगीत नसते, आरोळ्या नसतात. ते बहुधा घरात, एकट्याने घडते. बंदुकीचे हे सर्वांत मोठे दुःख त्या मालिकांत मला कोठेही भेटले नाही.

पण खऱ्या दुकानदारांना ते भेटले आहे. न्यू हॅम्पशायर राज्यात २००९ साली, आठवडाभराच्या आत, एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या तीन व्यक्तींनी एकाच दुकानातून बंदुका घेतल्या आणि त्यानंतर काही तासांतच तिघांनीही जीवन संपवले. दुकानाच्या मालकाने कायदा मोडला नव्हता. कागद पुरे होते. तरीही ही गोष्ट त्याला सहन झाली नाही. पुढे त्या राज्यातील बंदूक-व्यावसायिक आणि सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक एकत्र बसले. एरवी ही मंडळी एकमेकांच्या दारात उभी राहत नाहीत. त्यांनी मिळून दुकानदारांसाठी सूचना तयार केल्या: गिऱ्हाईक खचलेले वाटले, त्याला बंदुकीची माहिती नाही आणि ती करून घेण्याची इच्छाही नाही असे दिसले, तर विक्री नाकारा. कागद पुरे असले तरी नाकारा. मदतीचा फोन क्रमांक असलेली पत्रके गल्ल्याशेजारी ठेवा. पुढे पाहणी झाली तेव्हा राज्यातील जवळजवळ निम्म्या दुकानांत यांतले काही ना काही लावलेले आढळले.

हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आण्णांचे ते गेज आले. गिऱ्हाईक समोर उभे आहे, पैसे त्याच्या हातात आहेत, कायदा अडवत नाही. आणि दुकानदार म्हणतो, नाही. या एका ‘नाही’ मध्ये धंद्याचे नुकसान आहे, गिऱ्हाइकाचा राग आहे, आणि कदाचित एक जीव आहे. यापेक्षा अधिक नाट्य कोणत्या स्फोटात असते? तरीही मी पाहिलेल्या मालिकांत हा दुकानदार नाही. कारण त्याच्या गोष्टीत शेवटी काहीच घडत नाही. काही घडले नाही, हाच तिचा सुखान्त.

आमच्या वर्गातील एका मित्राने हा लेख लिहिताना मला अडवले. तो म्हणाला, “तू बंदूकवाल्यांची तरफदारी करतोस. बंदूक वाईट, मग ती बनवणारा चांगला दाखवला काय आणि वाईट दाखवला काय, फरक काय पडतो?” त्याचा मुद्दा हलका नाही. बंदुका घरोघर असाव्यात असे मला मुळीच वाटत नाही. आपल्याकडील १९५९ चा शस्त्र कायदा कडक आहे तो बराच आहे असे माझे मत आहे. पण खोट्या चित्राने बंदूक कमी होत नाही. ज्यांना बंदूक आवडते त्यांना त्या चित्रात शूरवीर दिसतो, ज्यांना आवडत नाही त्यांना माथेफिरू दिसतो. दोघेही टीव्ही बंद करून आपापल्या मतावर अधिक घट्ट होतात. मोजणारा, नोंद करणारा, नाकारणारा माणूस दोघांनाही दिसत नाही. आणि उद्या त्या देशाला काही बदल करायचा झाला तर तो याच माणसाला सोबत घेऊन करावा लागेल. न्यू हॅम्पशायरने तेच केले.

आता मला हे सारे एवढे का लागले, ते सांगून टाकतो. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी एका वाहिनीची माणसे आण्णांच्या वर्कशॉपमध्ये आली होती. कोल्हापूरच्या कष्टकऱ्यांवर कार्यक्रम करायचा होता. आण्णा पंपाच्या शाफ्टवर शेवटचा हात फिरवत होते. एक कट घ्यायचा, मशीन थांबवायचे, मायक्रोमीटर लावायचा, पुन्हा कट घ्यायचा. कॅमेरावाल्याने पाच मिनिटे पाहिले आणि तो म्हणाला, “काका, ह्यात काही होतच नाहीये. ठिणग्या कशातून उडतात?” आण्णा म्हणाले, “लेथवर ठिणग्या उडाल्या तर टूल जळालं म्हनायचं.” मी त्या दिवशी डबा घेऊन गेलो होतो. कोपऱ्यात ग्राइंडर होता. त्यांनी तो माझ्या हातात दिला, डोळ्यांना चष्मा लावला आणि भंगारातला एक तुकडा पुढे ठेवला. मी ग्राइंडर टेकवला. ठिणग्या छान उडाल्या. त्यांनी तीनदा उडवून घेतल्या.

कार्यक्रम लागला तेव्हा गल्लीतली माणसे आमच्या घरी जमली होती. बारा-पंधरा सेकंद मी होतो. खाली अक्षरे होती, ‘कष्टाचा वारसा’. आण्णा कोठेच नव्हते. आईने पेढे वाटले. मीही खुशीत होतो, हे लपवणार नाही. महाविद्यालयात दोन दिवस सगळे मला ‘ठिणगी’ म्हणत होते आणि मला ते आवडत होते. आण्णाही हसत होते. रात्री झोपताना त्यांनी एवढेच विचारले, “कशाचा तुकडा हुता रं त्यो?”

मी म्हटले, “भंगारातला.”

“हं,” आण्णा म्हणाले, आणि कुशीवर वळले.

ज्याला लेथवर एक साधा दांडाही सारखा कापता येत नाही असा मी, त्या दिवशी आण्णांच्या सव्वीस वर्षांच्या जागी उभा राहिलो. त्या वाहिनीने मला फसवले असे मी म्हणू शकत नाही. ग्राइंडर माझ्याच हातात होता. मला कोणी ‘नो-गो’ शिकवलेच नव्हते असेही म्हणता येत नाही, कारण शिकवणारा दोन हातांवर उभा होता. म्हणून लुइझियानातल्या वर्कशॉपवर किंवा कोलोरॅडोतल्या दुकानावर टीका करताना मी स्वतःला वेगळे काढत नाही. कॅमेरा आला की आपण सगळेच थोडे ठिणग्यांकडे सरकतो.

आपल्यापैकी पुष्कळ जण उद्या शिक्षक होतील, पत्रकार होतील, कोणी वाहिन्यांमध्येही जाईल. आपण ज्यांच्याविषयी लिहू, बोलू, दाखवू, ती माणसे बहुधा आपल्या समोर नसतील. कदाचित त्यांना आपली भाषाही येत नसेल. त्यांचे काम दाखवताना आपण काय कापतो आहोत, एवढे एकदा पाहावे. कापलेल्या तुकड्यातच त्यांचे मोजमाप पडलेले नाही ना, त्यांचे ‘नाही’ पडलेले नाही ना, हे तपासावे. माझी मागणी एवढीच आहे.

आण्णांनी ते गेज मला दिलेले नाही. ते त्यांना रोज लागते. पण हा लेख त्यांना वाचून दाखवला तेव्हा ते सगळा ऐकून घेऊन म्हणाले, “बरं हाय. पन दोनदा वाच. एखादं ठिकानी दाबून बसवलं असशील.”

मी दोनदा वाचला आहे.